माफी रद्द समजावी

माझा स्वभाव क्षमाशील आहे. हे मी स्वतःच सांगतोय म्हणून कोणाला शंका येईल. पण दुसरं कोणी सांगेना, म्हणून मला सांगावं लागतंय. साताऱ्यात सरकारी कचेरीत अव्वल कारकून म्हणून माझं आयुष्य गेलं. त्या काळात ज्या ज्या साहेबांनी माझ्यावर अन्याय केला त्या सगळ्यांना मी मनापासून माफ केलेलं आहे, आणि त्यांची नावं, हुद्दे आणि पुढे कुठे कुठे बदल्या झाल्या ते मला आजही तोंडपाठ आहे. असं असताना आमच्याच घरात, आमच्याच जेवणाच्या टेबलावर, आमच्याच मुलीने केलेल्या मोजमापात मी सगळ्यांत तळाला निघालो. त्यातून पुढे जे रामायण झालं त्यात माझी बाजू कोणीही ऐकून घेतलेली नाही. ती इथे मांडतो.

आमची मुलगी सृष्टी, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी झालेली, मानसशास्त्रात एम.ए. करत होती. शेवटच्या वर्षाला एक प्रकल्प असतो. तिने विषय घेतला, लोकांची दुसऱ्याला माफ करण्याची तयारी किती असते ते मोजायचं. मी म्हटलं, असं कधी मोजता येतं का? ती म्हणाली, ताप मोजतात तसंच. एका कागदावर काही वाक्यं छापलेली, प्रत्येकापुढे पाच चौकोन, 'पूर्ण मान्य'पासून 'अजिबात मान्य नाही'पर्यंत. बरोबरची खूण करायची, शेवटी बेरीज. जितकी बेरीज जास्त तितका माणूस मोठ्या मनाचा. आमच्या खात्यात बढतीसुद्धा इतक्या सोप्या पद्धतीने ठरत नव्हती.

त्याच वेळी तिचं लग्नही ठरलेलं होतं. मुलगा विश्वजित, माधवनगरचा, माणसं चांगली, लग्न सांगलीला हॉलवर. प्रकल्प सादर झाला की लगेच लग्न असं दोन्हीकडून ठरलं. त्यामुळे घरात सोफ्याच्या एका टोकाला साड्या आणि दुसऱ्या टोकाला हे क्षमेचे कागद, अशी परिस्थिती होती. बसायला जागा नसल्यामुळे मी बहुतेक वेळ उभाच असायचो. उभ्या उभ्या मी सृष्टीला म्हटलं, "तू अभ्यास कर. माणसं मी आणतो."

आधी कॉलेजच्या समितीची परवानगी लागली. माणसांना प्रश्न विचारायचे तर त्यांच्या मनाला इजा होणार नाही ना, हे ती समिती बघते. समितीतल्या एका मॅडम बाळंतपणाच्या रजेवर, एक सर निवडणुकीच्या कामावर, आणि उरलेल्या सरांना एकट्याला सही करायचा अधिकार नव्हता. मी स्वतः जाऊन बसलो. खुर्चीवर शांतपणे बसून राहण्याचा माझा अनुभव दांडगा आहे. शेवटी परवानगी मिळाली, पण एका अटीवर: प्रत्येक माणसाकडून आधी संमतीपत्रावर सही घ्यायची.

त्या सहीने घात केला. आमच्या सोसायटीत इमारत पाडून नवी बांधायची चर्चा बरेच दिवस चालू आहे, आणि बिल्डरला संमतीपत्रं हवी आहेत. मी संमतीपत्र घेऊन दार वाजवलं की आतून माणूस दाराची साखळी न काढताच बोलायचा. क्षमाशीलतेच्या नावाखाली मी फ्लॅट लिहून घेतोय, अशी बातमी गच्चीपर्यंत गेली. चेअरमननी मला बोलावून सांगितलं की आधी सर्वसाधारण सभेत ठराव मांडा.

अशा वेळी खालच्या मजल्यावरचे गंगाधरपंत धावून आले. मूळचे वाईचे, निवृत्त शिक्षक, आणि सल्ला द्यायला चोवीस तास मोकळे. त्यांनी पहिला कागद स्वतः भरून लोकांचा विश्वास मिळवायचं ठरवलं. 'लोकांनी केलेला अपमान मी लवकर विसरतो' या वाक्यापुढे त्यांनी 'पूर्ण मान्य'वर ठसठशीत खूण केली. मग मला पुरावा म्हणून त्यांनी त्यांच्या मुख्याध्यापकांनी स्नेहसंमेलनात त्यांचा कसा अपमान केला ते सांगायला घेतलं. कोण कुठल्या खुर्चीवर बसलं होतं, मुख्याध्यापकांच्या शर्टाचं कोणतं बटण तुटलं होतं, सगळं. चहा दोनदा गरम करावा लागला. "बघा सयाजीराव," ते शेवटी म्हणाले, "हे सगळं मी साफ विसरून गेलोय."

त्यांच्या पत्नी पद्माताईंचा आक्षेप वेगळाच होता. "माझ्याशी वाईट वागलेल्या व्यक्तीचं भलं व्हावं असं मला वाटतं," त्यांनी वाचून दाखवलं. "पण व्यक्ती कोण ते कुठं लिहिलंय?"

"कोणीही."

"कोणीही कसं चालेल? जाऊ आहे की नणंद आहे ते सांगा, मग खूण करते."

सृष्टीने समजावलं की सर्वसाधारणपणे काय वाटतं ते सांगा. पद्माताई म्हणाल्या की सर्वसाधारणपणे त्यांना कोणाबद्दल काही वाटतच नाही, जे वाटतं ते ठरावीक माणसांबद्दलच. मला हे पटलं, पण कागदावर त्याला चौकोन नव्हता.

पंतांनी कागद भरलेला बघून बाकीच्यांनीही दाराच्या साखळ्या काढल्या, आणि अशा रीतीने सोसायटीतले कागद भरून झाले. नमुना म्हणून मीही एक कागद भरला होता. कागदांवर नावं नसतात, आकडे असतात, आणि कोणाची बेरीज किती ते कोणाला सांगायचं नसतं. पण जावक क्रमांक लक्षात ठेवायची मला सवय आहे. सृष्टी लॅपटॉप उघडा टाकून आंघोळीला गेली तेव्हा मी सहज डोकावलो. मी तळाला होतो. तळाच्या आसपास नव्हे, तळाला. माझ्या वर तिसऱ्या मजल्यावरचा तो गृहस्थ होता, जो सख्ख्या भावाला कोर्टात भेटतो.

"हे मशीन चुकलंय," मी म्हटलं.

"पप्पा, यात पास-नापास नसतं," सृष्टी म्हणाली. हे वाक्य फक्त नापास झालेल्यालाच ऐकवतात, हे मला शाळेपासून माहीत आहे.

स्वयंपाकघरातून माझी पत्नी लीला म्हणाली, "आणि पलूसच्या फेट्याचं काय मग?"

आता हा फेटा सांगायलाच हवा. लीलाचं माहेर पलूसचं. तिचा धाकटा भाऊ लालासाहेब लष्करात सुभेदार होता, आता ऊस बघतो. काही वर्षांपूर्वी त्याच्या मुलाचं लग्न झालं. आमच्याकडे मुहूर्ताच्या आधी माईकवरून एकेका पाहुण्याचं नाव पुकारून त्याला फेटा बांधतात. पुढारी झाले, साखर कारखान्याचे लोक झाले, पार गावच्या तालमीतले पैलवान झाले, आणि माझं नाव आलं तेव्हा फेटे संपले. माईकवरचा माणूस जराही न अडखळता म्हणाला, "साताऱ्याच्या दाजींचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार करण्यात येत आहे." टॉवेल-टोपी वाईट असं मी म्हणत नाही. पण त्याच लग्नात ती मांडववाल्याला दिली होती आणि आचाऱ्याला दिली होती. अल्बममध्ये सगळी सोयरी मंडळी तुरे काढून ओळीत उभी आहेत, आणि टोकाला मी, पांढरी टोपी घालून आणि खांद्यावर टॉवेल टाकून, भात शिजला का विचारायला आल्यासारखा.

मी तेव्हा एक अक्षर बोललो नाही, आणि नंतर ती गोष्ट विसरूनही गेलो. फक्त अल्बम निघाला, पलूसचं नाव निघालं किंवा न्हाणीघरात टॉवेल दिसला की तेवढा उल्लेख करतो. याला लक्षात ठेवणं म्हणत नाहीत.

त्याच सुमारास सृष्टीच्या मॅडमनी सांगितलं की शहरातली माणसं पुरेशी झाली, आता खेड्यातली हवीत. मी लगेच म्हटलं, पलूसला जाऊन येतो. गंगाधरपंतांनी मला जिन्यात गाठलं. "सयाजीराव, ही संधी आहे. मेव्हण्याला माफ करून टाका. मग पुन्हा कागद भरा, बेरीज आपोआप वर जाईल. पण एक करा, माफ समक्ष करायचं. फोनवरची माफी धरत नाहीत."

लीलाने मात्र निघताना दारात बजावलं. "तिथं कागद भरून घ्या आणि या. दुसरा विषय काढू नका. लग्नात सृष्टीच्या पाठीशी लाला उभा राहायचाय." आमच्यात मुलीला बोहल्यावर मामा घेऊन येतो आणि मंगलाष्टका संपेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो. सृष्टीला सख्खा मामा एकच. लीलाचे वडील केव्हाच गेले, त्यामुळे बोहल्यावर लीलाचं सगळं माहेर त्या एका माणसाच्या रूपाने उभं राहणार होतं. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही का?" तिने माझ्या हातात पाण्याची बाटली दिली आणि दार लावून घेतलं.

मी कंदी पेढे घेतले, कागद घेतले, आणि स्टँडकडे जाताना एका दुकानात थांबलो. कोणाला माफ करायला रिकाम्या हाताने जाणं मला बरं दिसेना. मान देऊन माफ करावं, म्हणजे माफीला वजन येतं. फेटा घ्यावा तर तो बांधणारा माणूस लागतो. दुकानदाराकडे टॉवेल, टोपी आणि नारळ असा तयार संच होता, तो मी घेतला. यात माझा काहीही आतला हेतू नव्हता. हे मी नंतर कितीतरी लोकांना सांगितलं, आणि त्यातल्या एकानेही ऐकलं नाही.

पलूसला माझं स्वागत झकास झालं. सासूबाई अंबूबाई अंगणात बाजेवर बसल्या होत्या, त्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवला. लालासाहेबाने निरोप धाडला आणि भावकीतली माणसं गोळा झाली. इथे संमतीपत्राला कोणी घाबरलं नाही. दाजींनी आणलंय म्हटल्यावर न वाचताच सह्या झाल्या. अडचण वाक्यांची आली.

"ज्यानं दुखवलं त्याचं भलं व्हावं," एका चुलत मेव्हण्याने वाचलं आणि विचार केला. "व्हावं की. पर माझ्या बांधाच्या पल्याड व्हावं. हितं तसं लिवा."

"तसा चौकोन नाही."

"मग काढा की एक. कागदाला जागा हाय लय."

लालासाहेबाने सगळ्या वाक्यांपुढे एकच उत्तर दिलं, पूर्ण मान्य. "आपल्या मनात काय ऱ्हात न्हाई दाजी. फौजेत सवय लागती. झालं गेलं, चला पुढं." हे ऐकून मला वाटलं की हीच वेळ. मी उभा राहिलो आणि म्हटलं, "लालासाहेब, जरा इकडे या." पिशवीतून टोपी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला, नारळ हातात दिला. भावकीने टाळ्या वाजवल्या. लालासाहेब नारळ धरून हसत उभा होता. "आवं पर सत्कार कशाबद्दल म्हनायचा, दाजी?"

"लालासाहेब," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आज मी तुम्हाला माफ केलं आहे."

टाळ्या थांबल्या. मला वाटलं लोक भारावले.

"कशाबद्दल?" लालासाहेब म्हणाला.

"ते आता उगाळायचं नाही. मी विसरलोय."

"न्हाई, पर मी काय केलंय ते मला कळू द्या की."

मी नाइलाजाने फेट्याचं सांगितलं. थोडक्यातच सांगितलं, पण थोडक्यात सांगूनही मांडववाला, आचारी आणि अल्बमपर्यंत यावंच लागलं. मध्येच लालासाहेबाने हात वर करून डोक्यावरची टोपी चाचपली. खांद्यावरच्या टॉवेलकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

"म्हंजी ते परत करायला आलाय व्हय तुमी?"

"अहो नाही, हा मान आहे."

"मान? चार मान्सांत बलवून मला टोपी घातली, आन् मान?" त्याने टोपी काढून बाजेवर ठेवली. "आन् माफ केलं म्हंता. मी माफी मागितली व्हती का तुमाला?"

"मागितली नव्हती, तरी केली. यालाच मोठेपणा म्हणतात."

"मग ऐका. मी बी तुमाला माफ केलंय. रिटायर हून आलो तवा गावानं मिरवणूक काढली, तुमी आला न्हाईत. माफ केलं. घर बांधलं तवा सगळ्यांसमोर म्हनालात जिना अंगावर येतोय. माफ केलं."

"येतोच तो. आणि तुम्ही माझ्या स्कूटरला म्हातारी म्हणालात, तेही मी माफ केलंय."

"जत्रंला मटान खारट म्हनालात, माफ केलं."

"मला हळदीत शेवटच्या पंगतीला बसवलंत, माफ केलं."

भावकी एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होती. दोघांचंही मन इतकं मोठं झालं होतं की अंगणात उभं राहायला जागा उरली नव्हती. शेवटी लालासाहेब अगदी हळू आवाजात म्हणाला, "दाजी, पोरीच्या पाठीशी चुका केल्याला मानूस कशाला उभा करताय? चांगला बघा कुनीतरी." आणि नारळ माझ्या हातात देऊन आत गेला.

मी कराडला पोहोचायच्या आत ही बातमी साताऱ्याला पोहोचली होती. घरी आलो तर लीलाने दार उघडलं आणि माझ्या हातातला नारळ बघितला. त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. ताट वेळेवर यायचं, भाजी नेहमीसारखी असायची, फक्त ताट ठेवताना त्याचा आवाज व्हायचा. सृष्टीने रागावणं टाळलं. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, पलूसचे सगळे कागद बाद करावे लागतील. मोजमाप चालू असताना तुम्ही भांडण लावलंत." पुढे तिने प्रकल्प वेळेत सादर केला. संशोधनाच्या मर्यादा अशा मथळ्याखाली माझा उल्लेख आहे, नाव न घेता.

गंगाधरपंतांना मी जाब विचारला. ते म्हणाले, "समक्ष जायला नको होतं. अशा गोष्टी लेखी करायच्या असतात." लेखी हा शब्द ऐकून मला धीर आला. ते माझं क्षेत्र आहे. मी बसलो आणि पहिल्याच दमात मसुदा केला:

'विषय: माफी रद्द करणेबाबत. संदर्भ: आपल्या अंगणातील समक्ष चर्चा. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपणांस देण्यात आलेली माफी अनवधानाने देण्यात आली होती. सबब सदर माफी रद्द समजावी व परिस्थिती पूर्ववत आहे असे मानून आपण विवाहास उपस्थित राहावे, ही विनंती.'

आजही त्यात मला एक शब्द बदलावासा वाटत नाही. हे मी मोबाइलवर टाइप करून पाठवलं. पाठवल्यावर लक्षात आलं की ते लालासाहेबाला एकट्याला न जाता लीलाच्या माहेरच्या ग्रुपवर गेलं आहे. त्या ग्रुपवर मला जावई म्हणून घेतलेलं आहे आणि मी आजवर तिथे फक्त दिवाळीच्या शुभेच्छा टाकल्या होत्या. थोड्या वेळाने कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. आसामात नेमणूक असलेल्या एका चुलत मेव्हण्याने 'जय हिंद दाजी' लिहिलं. एका मावशीने विचारलं, कोण वारलं. मग ओळ आली की लालासाहेब ग्रुपमधून बाहेर पडले.

संध्याकाळी सासूबाईंचा आवाज रेकॉर्ड करून आला. सुरुवातीला बराच वेळ नुसत्या कोंबड्या ऐकू येत होत्या. मग, "ह्यात बोलायचं व्हय? ... जावईबापू, आवं, दिल्यालं असं परत घ्येत्यात का? लाला म्हंतोय, आदी नको असताना दिलं, आन् आता घरात ठेवलंय तर मागाय लागलेत. म्या तरी काय सांगू त्येला? तुमी दोगं शान्या मान्सावानी भांडत व्हता, ते बरं व्हतं की." आणि पुन्हा कोंबड्या.

लीलाने चुलतभावांना फोन केले. एकजणही मामा म्हणून उभं राहायला तयार होईना. लाला असताना त्याच्या जागी आम्ही कसे उभे राहणार, असं सगळ्यांचं म्हणणं. पद्माताई वर येऊन म्हणाल्या की हल्ली मामा नसला तरी चालतं, त्यांच्या भाचीच्या लग्नात फोटोग्राफरच मागे उभा होता. लीला त्यांच्याकडे बघून हसली आणि त्या गेल्यावर आतल्या खोलीत जाऊन बसली.

मी मागून गेलो. भावाला द्यायचे कपडे तिने कधीच आणून ठेवले होते, ते मांडीवर घेऊन बसली होती. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलली. "माझ्या लग्नात मामा आला नव्हता. आईशी भांडण होतं त्याचं. लाला उभा राहिला माझ्या मागं. शाळेत होता. उंची पुरेना म्हणून त्याला पाटावर उभा केला होता. मंगलाष्टका संपेपर्यंत हलला नाही." मग कपडे पिशवीत घालत म्हणाली, "माझ्या पोरीच्या मागं कोण उभं राहणार, ते आता तुम्ही सांगा."

मला फार वाईट वाटलं. मी बाहेर जाऊन लालासाहेबाला फोन लावला, त्याने घेतला नाही. पुन्हा लावला. रोज लावत राहिलो. शेवटी शेवटी तर काय बोलायचं तेही मी ठरवत नव्हतो, नुसता लावायचो.

लग्नाच्या दिवशी सांगलीच्या हॉलवर मी दारातच उभा राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत होतो आणि त्याच्या खांद्यावरून पाठीमागे बघत होतो. पलूसची एक जीप आली. त्यातून सासूबाई उतरल्या, भावकी उतरली. लालासाहेब नव्हता. मी सासूबाईंकडे बघितलं, तर त्यांनी नातीकडे न्या म्हणून मला हाताने खूण केली. मुहूर्त जवळ आला. नवरा मुलगा उभा राहिला, अंतरपाट धरला गेला. गुरुजी माईकवर म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे." लीला समोर उभी होती, तिने मान खाली घातली. गुरुजी पुन्हा म्हणाले, "मुलीचे मामा." वरपक्षाकडची माणसं माना वळवून बघू लागली. मी विचार केला की आता आपणच जावं, लोक काय म्हणतील ते म्हणोत, आणि एक पाऊल टाकलं.

तेवढ्यात वधूच्या खोलीचं दार उघडलं आणि सृष्टीचा हात धरून लालासाहेब बाहेर आला. तो पहाटेच मोटारसायकलवरून येऊन मागच्या दाराने कोठीच्या खोलीत बसला होता आणि आयत्या वेळी सृष्टीकडे गेला, हे मला नंतर समजलं. माझ्या अगदी जवळून गेला आणि माझ्याकडे बघितलंही नाही. बोहल्यावर जाऊन तिच्या पाठीशी उभा राहिला, परेडला उभे राहतात तसा, छाती काढून. मंगलाष्टका सुरू झाल्या. लीला रडत होती आणि हसत होती. मी अक्षता टाकत होतो, पण त्या कुठे पडत होत्या ते मला दिसत नव्हतं.

पंगतीत मी जिलेबीचं ताट घेऊन त्याच्यापुढे गेलो. काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"दाजी, काय बोलू नगा," तो पानाकडे बघत म्हणाला. "मी रागात हाय."

"मग आलात कसे?"

"पोरीचा फोन आला. म्हनाली, मामा, पप्पांना माफ करू नका, आन् त्यांनी केलेलं बी धरू नका. रागातच या. म्हनलं, रागात यायचं आसंल तर आपल्याला काय अडचन न्हाई." त्याने पानावर बोट ठेवलं. "वाडा. दोन वाडा."

मी तीन वाढल्या. त्याने तिन्ही खाल्ल्या.

दुपारी पाठवणी झाली. सृष्टी आईच्या गळ्यात पडली, माझ्या पडली, मग मामाच्या पडली आणि गाडीत बसली. गाडी निघाली तेव्हा मला राहवलं नाही. इतक्या लोकांत माझे खांदे हलायला लागले. माझ्या हातात कोणीतरी एक रुमाल कोंबला. बघितलं तर लालासाहेब.

"हा बी रागातच देतोय," तो म्हणाला. "उगा गैरसमज नगं."

"मीही रागातच घेतोय," मी म्हटलं.

त्याला स्वतःला मग रुमाल उरला नाही, म्हणून तो शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होता. गाडी वळून दिसेनाशी झाली. लोक आत गेले, मांडववाला खुर्च्या गोळा करायला लागला, तरी आम्ही दोघं हॉलच्या दारात तसेच उभे होतो, एकमेकांवर रागावून, खांद्याला खांदा लावून.